पन्नास कोसांची आगगाडी

(नभोवाणीवरील भाषण)

आगगाड्यांविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं आपलें लक्ष साहजिकच दोन टोकांकडे जातें. एका टोकाला जपानांतील किंवा फ्रान्समधील ताशीं तीनशें किलोमीटर धांवणाऱ्या गाड्या, आणि दुसऱ्या टोकाला आपली मुंबईची लोकल. या दोहोंच्या मध्यें आणखी एक गाडी असते. पन्नास कोसांवरच्या गांवाहून ती सकाळीं निघते, माणसाला कचेरीच्या वेळीं राजधानींत पोंचविते आणि दिवेलागणीच्या सुमारास परत घरीं आणून सोडते. पुण्याहून मुंबईस रोज जाणाऱ्या पासधारकांना ही गाडी म्हणजे काय हें सांगावयास नको. पण तिच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. वर्तमानपत्रांत तिचें नांव आलेंच, तर ती उशिरा आली म्हणून येतें.

आज मी अशाच एका गाडीची हकीकत आपणांस सांगणार आहें. ती आपल्या देशांतली नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यांत व्हिक्टोरिया नांवाचें राज्य आहे, तेथें ती डीझेल तेलावर धांवते. तिचें नांव व्ही-लोसिटी. त्या राज्यांतील परगांवच्या गाड्या चालविणाऱ्या सरकारी संस्थेला व्ही-लाईन म्हणतात. त्यांतलें 'व्ही' आणि वेग या अर्थाचा इंग्रजी शब्द 'व्हेलॉसिटी' यांचा सांधा जुळवून हें नांव तयार केलें आहे. नांव ठेवणारांची ही हौस मला व्यक्तिशः थोडी बाजारी वाटते. पण गाडी नांवापेक्षां पुष्कळ चांगली आहे.

प्रथम त्या मुलुखाची ओळख करून घेऊं. मेलबर्न हें व्हिक्टोरियाचें मुख्य शहर, आणि राज्यांतील बहुसंख्य लोक त्या एका शहरांतच एकवटलेले आहेत. बाहेर, समुद्रकांठीं नैऋत्येस जिलाँग, पश्चिमेस बॅलरॅट, वायव्येस बेंडिगो आणि पूर्वेस लॅट्रोब नदीच्या खोऱ्यांत ट्रॅरॅल्गन. जिलाँग सुमारें पंचाहत्तर किलोमीटर, बॅलरॅट त्याच्या दीडपट, आणि बेंडिगो व ट्रॅरॅल्गन प्रत्येकीं एकशेंसाठ किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे मुंबई-पुणें अंतराहून थोडें कमीच. बॅलरॅट आणि बेंडिगो हीं शहरें १८५१ सालीं सांपडलेल्या सोन्यानें वसवलीं, आणि त्याच सोन्याच्या बळावर १८६२ पर्यंत त्या दोन्ही गांवांना रूळ जाऊन पोंचले. रेल्वेच्या बाबतींत त्या लोकांचें आणि आपलें वय जवळजवळ एकच आहे. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं सुटली. मेलबर्नहून बंदरापर्यंतची पहिली वाफेची गाडी १२ सप्टेंबर १८५४ रोजीं निघाली.

रुळांमधील अंतराबद्दल मात्र त्यांनीं एक विलक्षण घोळ करून ठेवला. सिडनीच्या कंपनीचा एंजिनियर आयरिश होता. त्याच्या आग्रहानें तेथील रूळ पांच फूट तीन इंच रुंदीचे ठरले, व्हिक्टोरियानें त्या मापाच्या गाड्या मागविल्या, आणि मग सिडनीवाल्यांनीं एंजिनियर बदलला व त्याबरोबर मापहि बदलून चार फूट साडेआठ इंच केलें. व्हिक्टोरिया आपल्या मापाला चिकटून राहिली. परिणाम असा कीं सरहद्दीवरील ऑल्बरी स्टेशनांत सिडनी-मेलबर्नच्या प्रत्येक उतारूला गाडी बदलावी लागे, आणि हा प्रकार १९६२ पर्यंत चालला. आज व्ही-लोसिटी गाड्या दोन्ही मापांत बांधलेल्या आहेत : बहुतेक रुंद मापाच्या, आणि ऑल्बरीच्या मार्गासाठीं ज्या मोजक्या गाड्या २०२१ च्या अखेरीपासून सुरू झाल्या त्या अरुंद मापाच्या. दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका हट्टाचें भाडें आजचे कारखानदार अजून भरीत आहेत.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घरोघर मोटारी आल्या, रस्ते रुंद झाले आणि परगांवच्या गाड्या ओस पडूं लागल्या. गाडी रिकामी जाते म्हणून फेऱ्या कमी करावयाच्या, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून उरलेले लोकहि मोटारीकडे वळावयाचे, हें चक्र तेथेंहि फिरलें. १९९३ सालीं सरकारनें कित्येक लांबच्या मार्गांवरील उतारूंच्या गाड्या बंदच करून टाकल्या. मिल्ड्यूराची गाडी गेली, बेर्न्सडेलची गेली, मेरीबरोची गेली; पुढच्या वर्षीं ॲरारॅटची गेली. त्यांच्या जागीं बसगाड्या आल्या. बसगाडी वाईट असते असें नव्हे. पण जिच्या स्टेशनावर गाडी येत नाहीं त्या गांवाला आपण नकाशावरून पुसले गेलों असें वाटूं लागतें.

आणि यांतूनच १९९९ च्या निवडणुकींत एक अनपेक्षित निकाल लागला. सत्तेवर असलेला पक्ष हरला, आणि तो हरला तो मुख्यतः परगांवच्या मतदारांमुळें. नवे मुख्य मंत्री स्टीव्ह ब्रॅक्स हे स्वतः बॅलरॅटला जन्मलेले. त्यांच्या सरकारनें चार मार्गांवर वेगवान गाड्या आणण्याची योजना हातीं घेतली, आणि बंद झालेल्या मार्गांपैकीं बेर्न्सडेल व ॲरारॅट येथें २००४ सालीं पुनः गाडी नेली. मेरीबरोला ती २०१० सालीं परत आली.

योजनेची जाहिरात मिनिटांची होती. बॅलरॅटला तासाभरांत पोंचवूं, जिलाँगला पाऊण तासांत पोंचवूं, अशी भाषा ऐकूं येत होती. मिनिटांची भाषा मतदाराला पटकन् समजते. पण मिनिटें वांचवावयाचीं तर नुसती नवी गाडी आणून भागत नाहीं. रूळ सुधारावे लागतात. जुने लांकडी स्लीपर काढून सिमेंटचे घातले, सिग्नल बदलले, वांकडी वळणें सरळ केलीं. बॅलरॅटच्या अलीकडे बंगारी गांवाजवळचा मोठा वळसा टाळून नवा मार्गच टाकला. खर्च मूळ अंदाजाच्या पुष्कळ पलीकडे गेला. आणि काटकसरीच्या नादांत एक गोष्ट अशी झाली कीं तिचें मला आजहि आश्चर्य वाटतें. बेंडिगोचा मार्ग १८६२ पासून दुहेरी होता; दगडी पूल, बोगदे, सर्व कांहीं दोन रुळांच्या हिशोबानें बांधलेलें. ताशीं १६० किलोमीटरांच्या गाडीसाठीं दोन्ही रूळ सुधारण्याऐवजीं काइनटन गांवाच्या पुढच्या बऱ्याचशा भागांत एकच रूळ सुधारला आणि दुसरा रद्द केला. सोन्याच्या काळांतल्या माणसांनीं जें दुहेरी बांधलें, तें एकविसाव्या शतकानें एकेरी करून वापरलें. एकेरी मार्गावर एक गाडी पांच मिनिटें उशिरा आली कीं समोरून येणारी दुसरीहि तिच्यासाठीं खोळंबते. वेगानें मिळविलेलीं मिनिटें अशीं वाट पाहण्यांत परत जातात.

आतां ती गाडी. ती मेलबर्नच्याच डँडेनाँग उपनगरांत तयार होते. तेथील कारखाना बोंबार्डियर कंपनीचा होता. २०२१ सालीं ती कंपनी आल्स्तोम कंपनींत सामील झाली. पहिली व्ही-लोसिटी २२ डिसेंबर २००५ रोजीं बॅलरॅटच्या मार्गावर उतारूंना घेऊन धांवली. त्या वेळीं ती दोन डब्यांची होती. पुढें मध्यें एकेक डबा जोडून तीन डब्यांची केली, आणि आतां तीन डबे हेंच तिचें एकक आहे. गर्दीच्या वेळीं अशीं दोन एककें एकापाठीं एक जोडतात. सर्व मिळून अशा शंभरांहून अधिक गाड्या बांधल्या गेल्या आहेत.

तिला पुढें एंजिन नाहीं. म्हणजे एंजिन आहे, पण तें वेगळ्या गाड्याच्या स्वरूपांत नाहीं. प्रत्येक डब्याच्या तळाखालीं एकेक डीझेल एंजिन आडवें टांगलेलें आहे. एकेकाची शक्ति साडेसातशें अश्वशक्तीची. तीन डबे म्हटले कीं सव्वादोन हजार अश्वशक्ति झाली. या रचनेचा फायदा सुगृहिणीला सांगावयास नको : एकाच मोठ्या चुलीवर सगळा स्वयंपाक टाकण्यापेक्षां तीन चुली असल्या म्हणजे एक विझली तरी घर उपाशी राहत नाहीं. वाटेंत एक एंजिन बंद पडलें तरी उरलेलीं दोन गाडी स्टेशनापर्यंत नेतात. शिवाय शेवटच्या स्टेशनावर एंजिन सोडवून, वळवून, दुसऱ्या टोकाला जोडण्याचा खटाटोप उरत नाहीं. ड्रायव्हर आपली पिशवी उचलून फलाटावरून दुसऱ्या टोकाला चालत जातो आणि गाडी परत निघते.

एंजिनाची फिरकी चाकांपर्यंत कशी पोंचते, हेंहि थोडक्यांत सांगतों. आपल्या घरांत विजेचा एक पंखा चालूं करा, आणि त्याच्या अगदीं समोर दुसरा, तारेला न जोडलेला पंखा ठेवा. पहिल्याच्या वाऱ्यानें दुसराहि हळूहळू फिरूं लागेल. हवेच्या जागीं तेल भरा, पंख्यांच्या जागीं पोलादी पात्यांचीं चक्रें बसवा, आणि दोन्ही एका बंद डब्यांत कोंडा. व्ही-लोसिटीच्या तळाखालीं हेंच आहे. एंजिन तेलाला फिरवतें आणि तेल चाकांना फिरवतें. धातूशीं धातूचा झटका नाहीं, म्हणून गाडी निघतांना हिसका बसत नाहीं. बॅकस मार्श सोडल्यावर बॅलरॅटच्या वाटेवर जो चढ लागतो तो रेल्वेच्या मानानें बराच खडा आहे. जुन्या काळीं तेथें एंजिनें धापा टाकीत. व्ही-लोसिटी तो सहज चढते. सपाटीवर ती ताशीं १६० किलोमीटर जाते. तिच्या आधींच्या स्प्रिंटर नांवाच्या गाड्यांची मर्यादा १३० होती.

मग बॅलरॅट खरोखरच तासावर आलें काय? वाटेंत फारसें न थांबणाऱ्या एकदोन गाड्यांपुरतें तें जवळपास खरें ठरलें. इतर गाड्यांना अधिक वेळ लागे, आणि पुढें ज्या जलद म्हणून होत्या त्यांनाहि मधले थांबे देण्यांत आले, कारण मधल्या गांवच्या लोकांनीं आपल्या डोळ्यांसमोरून गाडी निघून जातांना किती दिवस पाहावें? विरोधकांनीं हिशोब मांडून दाखविला कीं इतका पैसा ओतून सरासरी मिनिटें फार थोडीं वांचलीं. हिशोब चुकीचा नव्हता. पण हिशोबनीसांनीं एक रकाना सोडला होता. २००६ सालच्या नव्या वेळापत्रकांत गाड्यांच्या फेऱ्या पुष्कळ वाढल्या. पुढल्या वर्षीं भाडेंहि उतरलें. आणि पांच-सहा वर्षांत उतारूंची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. सात मिनिटें लवकर पोंचतों म्हणून लोक गाडीकडे वळले नाहींत. चुकली तर तासाभरांत दुसरी आहे, या भरंवशानें ते वळले. मुलाला शाळेंतून आणावयाचें आहे, कामावर उशीर झाला आहे, दवाखान्यांत वेळ लागला आहे अशा माणसाला गाडीचा वेग नको असतो. त्याला पुढची गाडी हवी असते. बेंडिगोला घर ठेवून मेलबर्नला नोकरी करणें ही गोष्ट पूर्वीं अपवादाची होती, ती आतां साधी झाली.

या गाडीच्या आयुष्यांत दोन प्रसंग असे आले कीं त्यांचा उल्लेख टाळतां येणार नाहीं.

पहिला अपघाताचा. २८ एप्रिल २००६ रोजीं, म्हणजे नवी गाडी सुरू होऊन पुरते पांच महिनेहि झाले नव्हते, ॲरारॅटच्या मार्गावर ट्रवाला येथील फाटकाजवळ मेलबर्नकडे येणारी व्ही-लोसिटी एका मालमोटारीच्या जड दगडी ओझ्यावर आदळली. दोघे मृत्युमुखीं पडले, अनेक जखमी झाले. पुढल्याच वर्षीं, ५ जून २००७ रोजीं, करँग येथें एका मालमोटारीनें फाटकावर परगांवच्या गाडीच्या कुशींत धडक दिली आणि अकरा उतारू गेले. ती गाडी व्ही-लोसिटी नव्हती, जुन्या पद्धतीची एंजिनाची गाडी होती. पण प्रश्न एकच होता. जुना रस्ता जुन्या रुळाला सपाटीवर ओलांडून जातो, तेथें गाडीचा वेग वाढविला म्हणजे फाटकाची जबाबदारीहि त्याच प्रमाणांत वाढते.

आणि फाटकाच्याच संबंधानें दुसरा प्रसंग आला, तो २०१६ सालच्या जानेवारींत. त्याविषयीं मी थोडें विस्तारानें बोलणार आहें, कारण आगगाडी म्हणजे काय चीज आहे हें त्या महिन्यानें जितकें उघड केलें तितकें एखाद्या जाड्या ग्रंथानें केलें नसतें.

त्या महिन्यांत असें आढळून आलें कीं व्ही-लोसिटीचीं चाकें भराभर झिजत आहेत. आगगाडीचें चाक आपल्याला सपाट दिसतें, पण तें किंचित् निमुळतें असतें. आणि त्याच्या आंतल्या बाजूला एक उंच कड असते, ती चाकाला रुळावरून घसरूं देत नाहीं. सौम्य वळणावर हें निमुळतेपणच गाडीला वळवितें, आणि कड रुळाला शिवतसुद्धां नाहीं. वळण तीव्र असलें कीं मात्र निमुळतेपणाची मात्रा चालत नाहीं. मग बाहेरच्या चाकाची कड रुळाच्या कुशीवर घांसूं लागते. ही कडच झिजत होती, आणि ती ठराविक मर्यादेपलीकडे पातळ झाली कीं गाडी रुळावर आणतां येत नाहीं. एकेक करतां पुष्कळ गाड्या कारखान्यांत उभ्या राहिल्या. त्यांच्या जागीं बसगाड्या धांवूं लागल्या.

आणि त्याच सुमारास, १५ जानेवारी रोजीं, डँडेनाँगमधील एका फाटकावर व्ही-लोसिटी आली तरी फाटक वेळेवर पडलें नाहीं. कोणाला इजा झाली नाहीं, हें नशीब. पण याचा अर्थ भयंकर होता. गाडी आली आहे हें फाटकाला कळतें कसें? दोन्ही रुळांतून विजेचा एक अगदीं क्षीण प्रवाह खेळविलेला असतो. गाडीचा पोलादी कणा दोन्ही रुळांना जोडतो, प्रवाह मधूनच परततो, आणि पलीकडे वाट पाहणारें यंत्र समजतें कीं गाडी आली. १८७२ सालीं अमेरिकेंत विल्यम रॉबिन्सन यानें ही युक्ति काढली, आणि जगभरच्या रेल्वेची सुरक्षितता आजहि बव्हंशीं तिच्यावर उभी आहे. तिचें मर्म एवढेंच, कीं चाकाचें आणि रुळाचें पोलाद एकमेकांना नीट भिडलें पाहिजे. मध्यें गंजाचा किंवा मळाचा बारीक थर आला कीं तो नाजूक प्रवाह अडतो. जुन्या गाडीचा ब्रेक थेट चाकाच्या पृष्ठभागावर दाबला जाई, त्यामुळें चाक रोज घांसून लख्ख राही. नव्या हलक्या गाड्यांत ब्रेक वेगळ्या तबकड्यांवर लागतो. तो अधिक चांगला थांबवितो, पण चाक घांसीत नाहीं. इंग्लंडांतील हलक्या डीझेल गाड्यांनीं हाच त्रास पूर्वीं दिला होता, आणि तेथें त्यावर खास उपकरणें बसवावीं लागलीं. म्हणजे नव्या ब्रेकानें एक गुण दिला आणि जुन्या ब्रेकाचा दुसरा एक गुण, जो कोणी गुण म्हणून मोजलाच नव्हता, तो नकळत काढून घेतला. आपल्या घरांतहि पितळेचीं भांडीं जाऊन दुसरीं आलीं तेव्हां असेंच कांहींसें झालें नाहीं काय?

शहरांतल्या रुळांवर गाड्या चालविणाऱ्या कंपनीनें या गाड्यांना आपल्या मार्गावर येण्यास मनाई केली. ट्रॅरॅल्गनच्या उतारूंना कांहीं काळ बसगाड्यांतून रखडत जावें लागलें. लोक संतापले, सरकारनें कांहीं काळ परगांवच्या गाड्यांचा प्रवास फुकट केला, व्ही-लाईनच्या प्रमुख अधिकाऱ्यानें राजीनामा दिला.

चाकांच्या झिजेचें कारण शोधण्याचें काम मोनॅश विद्यापीठाच्या रेल्वे-संशोधन संस्थेकडे गेलें, आणि तें कारण मोठें बोलकें निघालें. २०१५ च्या जूनमध्यें परगांवच्या गाड्यांसाठीं शहरांत स्वतंत्र रूळ सुरू झाले होते. लोकलच्या गर्दींत अडकून पडणाऱ्या परगांवच्या गाड्यांना आपली वाट मोकळी व्हावी म्हणून केलेलें तें एक फार मोठें आणि, माझ्या मतें, उत्तम काम होतें. पण त्या वाटेवर नॉर्थ मेलबर्नजवळच्या उड्डाणपुलावर वळणें तीव्र आहेत. पूर्वीं तेथून फारशा गाड्या जात नसत. आतां दिवसभर जाऊं लागल्या. आणि अशा वळणावर रुळाच्या कुशीला जें वंगण लागतें, तें पुरेसें नव्हतें. दुखणें यंत्रांत नव्हतें; वाटेंत होतें, आणि ती वाट गाड्यांच्या सोयीसाठींच मोकळी करून दिलेली होती. वळणावर वंगण सोडणारीं यंत्रें बसविलीं, रुळांची डागडुजी केली, झिजलेलीं चाकें बदललीं, आणि हळूहळू गाड्या परत आल्या.

आतां धुराविषयीं. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनावरचें नागमोडी छप्पर प्रसिद्ध आहे. इंग्लंडचे शिल्पज्ञ निकोलस ग्रिमशॉ यांच्या संस्थेनें तें रचलें, आणि त्या लाटा केवळ शोभेच्या नाहींत : डीझेलचा तप्त धूर उंचवट्यांत गोळा व्हावा आणि वाऱ्यानें आपोआप बाहेर निघून जावा, ही त्यांतली कल्पना. कल्पना सुंदर आहे. पण धूर निर्माण करून मग त्याला वाट करून देण्यापेक्षां तो निर्माणच झाला नाहीं तर अधिक बरें, असें आपण म्हणणारच. विशेषतः आपण, ज्यांच्या कोंकण रेल्वेच्या सबंध मार्गावर २०२२ सालीं विजेच्या तारा येऊन पोंचल्या. व्हिक्टोरियांतील हकीकत याच्या उलट आहे. १९५६ सालीं मेलबर्नहून ट्रॅरॅल्गनपर्यंत विजेच्या तारा नेल्या होत्या. लॅट्रोब खोऱ्यांत कोळशाच्या अफाट खाणी, त्यांच्या तोंडाशीं वीजघरें, आणि त्या विजेवर धांवणारी गाडी, असा सगळा योग जुळलेला होता. १९८७ सालीं त्या तारांचा मोठा भाग खर्चाच्या नांवाखालीं उतरविण्यांत आला. आज राज्याला वीज पुरविणाऱ्या त्या खोऱ्यांतून व्ही-लोसिटी जाते ती डीझेल जाळीत.

तरी डीझेलची बाजूहि सांगितली पाहिजे. पुढें ॲरारॅट, बेर्न्सडेल, शेपर्टन अशा गांवांना दिवसांतून मोजक्याच फेऱ्या होतात; तेथवर शेंकडों किलोमीटर तारा ओढून त्यांची निगा राखणें परवडणारें नव्हे. तारांची वाट पाहत बसलीं असतीं तर त्या गांवांना बसगाडीवरच समाधान मानावें लागलें असतें. डीझेल गाडी रुळ असेल तेथें जाते. १९९३ सालीं गमावलेलीं स्टेशनें परत मिळवावयास एवढा गुण पुरेसा झाला.

पण जेथें तो पुरेसा नाहीं अशी एक जागा आहे, आणि तिच्याशीं आपला थोडा घरोबा आहे. मघाशीं सांगितलेली २०१५ सालची वाट जिलाँगकडे जातांना मेलबर्नच्या पश्चिम सीमेवरून गेली, आणि तेथें तार्नीट व विंडॅम व्हेल अशीं दोन नवीं स्टेशनें झालीं. रूळ टाकले तेव्हां भोंवतीं माळ होता. आज घरांच्या रांगा आहेत. तार्नीट भागांत हिंदुस्थानांतून आलेलीं कुटुंबें फार मोठ्या संख्येनें राहतात. व्ही-लाईनच्या स्टेशनांत सदर्न क्रॉसच्या खालोखाल गर्दी आतां तार्नीटलाच असते. हें खरें पाहतां उपनगर आहे. त्याला लोकल हवी. मिळाली आहे ती पन्नास कोसांची गाडी : दोन दोन आसनांच्या रांगा, मधली वाट चिंचोळी, दारें मोजकीं. लांबच्या प्रवासाला बसून जावयास ती उत्तम. पण दर स्टेशनावर शेंकडों माणसांनीं चढावें-उतरावें अशी तिची घडणच नाहीं.

त्यांत ३१ मार्च २०२३ पासून सरकारनें सबंध राज्यांत परगांवच्या गाडीचें दिवसाचें भाडें शहरांतल्या कमाल भाड्याइतकेंच ठरविलें. त्या दिवशीं तें ९ डॉलर २० सेंट होतें. बेंडिगोहून मेलबर्नला जाऊन परत यावयास तेवढेच, आणि ट्रॅरॅल्गनहूनहि तेवढेच. दूरच्या गांवांतील वृद्धांना, विद्यार्थ्यांना, शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत खेपा घालणाऱ्या रोग्यांना हें वरदान झालें यांत शंका नाहीं. गाड्या भरून वाहूं लागल्या. जिलाँगहून निघालेली सकाळची गाडी तार्नीटला येईपर्यंत आसनें संपलेलीं असतात, आणि तेथें चढणाऱ्यानें उभें राहावयाचें.

विंडॅम व्हेलपर्यंत विजेची लोकल नेण्याचा बेत सरकारनें २०१८ सालीं जाहीर केला. तशी ती गेली तर जिलाँगच्या गाडीला तार्नीटला थांबण्याची गरज उरणार नाहीं, आणि दोन्ही गांवांची सोय होईल. तार्नीटचे लोक २०२५ सालींहि फलाटावर डीझेलच्याच गाडीची वाट पाहत उभे होते.